गव्हाशी काडीमोड

मराठी माणसाच्या आयुष्यात गहू किती खोल रुजलेला आहे, हे त्याच्याकडे गुंठाभर शेत नसलं तरी त्याच्या भाषेवरून कळतं. चतुर माणूस नेहमी 'आपल्याच पोळीवर तूप ओढून घेतो'. साहेबावर चौकशी बसली की त्याच्या हाताखालचे निरपराध कारकून 'गव्हाबरोबर किडे' या न्यायाने रगडले जातात. आणि मुलगी लग्नाची झाली की ती गोरी असो, सावळी असो, जाहिरातीत तिचा वर्ण 'गव्हाळ'च छापला जातो. माझ्या नातीचा वर्णही गव्हाळच आहे. पण तिच्या अंगात गव्हाचा अंश काय तो तेवढाच. बाकी गव्हाने तिच्या वाऱ्यालाही उभं राहता कामा नये, असा वैद्यकशास्त्राचा हुकूम आहे आणि त्या हुकुमाची अंमलबजावणी करणाऱ्या पथकात गेली तीन वर्षं मी विनावेतन काम करतो आहे.

दुखण्याचं नाव सीलिअ‍ॅक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते एखाद्या इटालियन मोटारीचं नाव वाटलं. आमच्या सकाळच्या कट्ट्यावर त्याचं 'शिल्याक' झालं, पुढे 'तुमच्या नातीचं ते झोडियाक' इथपर्यंत मजल गेली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं: 'गव्हाचं दुखणं.' आजही घरात तेच नाव चालतं.

आमच्या घरात दर वाढदिवसाला मुलाला दाराच्या चौकटीशी उभं करून डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीची रेघ मारायची पद्धत आहे. चिरंजीवांच्या रेघा अजून आहेत. रंगाऱ्याला मी तेवढी पट्टी रंगवू देत नाही. तर चिऊची पाचव्या वाढदिवसाची रेघ आणि सहाव्याची रेघ यांत अंतर पडलं माझ्या करंगळीच्या नखाएवढं. वजनमापे खात्यात ३४ वर्षं काढलेल्या माणसाला मोजमापाने असं दगा दिलेलं खपत नाही. मी पट्टी बदलून पाहिली. पट्टी बरोबर होती. पोरगी वाढत नव्हती. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र नगाऱ्यासारखं, आणि चेहऱ्यावर सदा निवडणूक हरलेल्या उमेदवाराची कळा.

अशा वेळी सल्ल्याला तोटा नसतो. तळमजल्यावरच्या काकूंच्या मते जंत, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते दृष्ट. एक गृहस्थ लिफ्टमध्ये तीन मजल्यांच्या अवधीत निदान आणि उपचार दोन्ही उरकून गेले: "सकाळ-संध्याकाळ गव्हाची लापशी. महिन्यात पैलवान!" लोहाच्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या झाल्या, पण रक्तातलं हिमोग्लोबिन काही हलेना. मुलांच्या डॉक्टरांना शंका आली ती त्यावरूनच. घातलेलं लोह जातंय कुठे? मग टीटीजी नावाची रक्ताची तपासणी, मग तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याचा इवलासा तुकडा. हे सगळं होईपर्यंत पोळी बंद करायची नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. आधीच बंद केली तर आतडं सावरायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. म्हणजे गुन्हेगार फरार आणि पंचनामा कोरा.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्या लहान आतड्याचं अस्तर गुळगुळीत नसतं. टर्किश टॉवेलावर जसे धाग्यांचे बारीक फुगे उभे असतात, तसे त्यावर असंख्य उंचवटे असतात आणि तेच अन्नातलं सत्त्व टिपून घेतात. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लूटेन म्हणून एक प्रथिन असतं. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. पण ज्यांच्या जनुकांत तशी तजवीज असते, त्यांतल्या काहींच्या शरीरातलं संरक्षण खातं ग्लूटेन दिसलं की बिथरतं आणि आपल्याच आतड्यावर चाल करून जातं. टॉवेलाचे फुगे झिजत झिजत त्याचा पंचा होतो. पंचाने पाणी कितीसं टिपणार?

"मग औषध?" चिरंजीवांनी विचारलं.

"एकच. ग्लूटेन बंद. आयुष्यभर. टॉवेल पुन्हा उगवतो."

यावर आमच्या सौ.नी जो प्रश्न विचारला तो यच्चयावत मराठी आज्यांच्या वतीने विचारला असं मी समजतो. "पण डॉक्टर, सणासुदीला एखादी पोळी?"

"नाही."

"अर्धी?"

"नाही."

"नैवेद्यापुरती? चतकोर?"

"आजी," डॉक्टर म्हणाले, "पोळीच्या ताटात ठेवलेली भाकरीसुद्धा नाही."

मला यातली 'थोडंसं' ही भानगड मापात बसवल्याशिवाय चैन पडेना. पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' असं छापायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असता कामा नये. मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. गव्हाचा दाणा ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमचा. त्याचा दहावा हिस्सा ग्लूटेन धरलं तर किलोभर पिठात पाच दाणे! पाच! नोकरीत असताना सोनाराच्या तराजूकडूनही मी एवढी अपेक्षा केली नव्हती. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला, आणि त्या दिवसापासून 'एवढ्याशानं काय होतंय' हे वाक्य आमच्या घरातून हद्दपार झालं. दुसरं हद्दपार झालेलं वाक्य म्हणजे 'बिचारी पोर'. पहिल्यानं आतडं बिघडतं आणि दुसऱ्यानं मूल. दोन्हींपैकी जास्त घातक कुठलं हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

डॉक्टरांनी आईवडिलांनाही तपासून घ्यायला सांगितलं होतं, कारण दुखणं घराण्यातून येतं. दोघंही निर्दोष निघाले. सूनबाईंना वाईट वाटलं. "माझ्यातही असतं तर तिला सोबत झाली असती," असं ती म्हणाली तेव्हा कोणालाच पुढे काही बोलायला सुचलं नाही. सूनबाई इंदूरची. तिच्या माहेरी गव्हावाचून पान हलत नाही. दाल-बाफले हा तिथे पदार्थ नसून संस्कार आहे. त्या पोरीनंच ठरवलं की आपल्या स्वयंपाकघरात गहूच नको. एका ओट्यावर दोन राज्यं चालवायची, वेगळं पोळपाट, वेगळी चाळणी, वेगळा तवा, आणि कोणीतरी घाईत चमचा इकडचा तिकडे करायचा, त्यापेक्षा गव्हाशी काडीमोडच घेतलेला बरा. लाकडी पोळपाट-लाटणं मोलकरणीला गेलं, कारण लाकडाच्या भेगांत मुरलेली कणीक धुऊनही जात नाही. चिरंजीव तेव्हापासून ऑफिसच्या कँटीनमध्ये पोळी खातात. मी महिन्यातून एकदा बहिणीकडे जातो. तिथे चार पोळ्या खाऊन, हात आणि मिशा स्वच्छ धुऊन घरी परततो. दारू पिणारे लोक बडीशेप का खातात हे मला या वयात कळलं.

गव्हाला घराबाहेर काढणं सोपं असेल अशी माझी समजूत होती. डबा उचलला, दिला. पण हा गृहस्थ समोरच्या दाराने गेला तरी मागच्या सतरा दारांनी घरात होताच. थालीपिठाच्या भाजणीत गहू. मेतकुटात गहू. कुरडया म्हणजे तर गव्हाचा साक्षात चीक. शेवया, रवा, मैदा हे त्याचे सख्खे. सोया सॉस हा परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ. मुलांच्या दुधात घालायच्या पावडरीवर 'माल्ट' हा शब्द दिसला की सातू वेष पालटून आला आहे असं समजावं. ओट्स बिचारे बहुतांशी निर्दोष, पण गव्हाच्या शेजारी वाढलेले आणि त्याच्याच यंत्रातून आलेले, म्हणजे संगतीचा दोष.

पण खरा धक्का बसला तो हिंगाचा. अस्सल हिंग इतका उग्र की तसाच वापरता येत नाही. म्हणून डबीतल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं. मी भिंग लावून डबीवरची अक्षरं वाचून दाखवली तेव्हा सौ. मोड्यावर बसली. "म्हणजे इतकी वर्षं आपण वरणात गहू घालत होतो?" कोकणातल्या बाईला वरणाविषयी काही ऐकवणं म्हणजे तिच्या कुलदैवताविषयी बोलण्यासारखं आहे. आता आमच्याकडे तांदळाच्या पिठातला हिंग येतो, आणि तो आणायचा म्हणजे किराणा दुकानात मी आणि दुकानदार दोघं चष्मे लावून आलटून पालटून डबी वाचतो. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना वाटतं, आम्ही मृत्युपत्र वाचतोय.

मग गिरणी. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई या सगळ्यांना मोकळीक आहे. पण ती दळायची कुठे? मी पिशवी घेऊन आमच्या जुन्या गिरणीवाल्याकडे गेलो आणि परिस्थिती सांगितली.

"काळजी करू नका आजोबा. गव्हानंतर लगेच तुमची ज्वारी घेतो."

"गव्हानंतर नको, आधी."

"आधी बाजरी आहे."

"आणि बाजरीच्या आधी?"

"गहू."

"आणि त्याच्याआधी?"

त्याने पट्टा थांबवला. त्याच्या भुवया, कॅलेंडरातला गणपती, विजेचा दिवा, भिंतीवरची पाल, सगळं पांढरंफेक होतं. "आजोबा," तो म्हणाला, "ही गिरणी वडिलांनी १९६८ साली टाकली. तेव्हापासून आपण सगळे गव्हातच आहोत."

इतकं प्रामाणिक उत्तर सरकारी नोकरीत मला एकाही व्यापाऱ्याने दिलं नव्हतं. पेन्शनीतून घरघंटी घेतली. ती सुरू झाली की शेजारी भूकंपाच्या बातम्या लावतात. पण तिचा आवाज सोसवतो. सोसवत नाही ते शेजाऱ्यांचं प्रेम. "वाटीभरच गहू आहेत हो, पाहुणे आलेत" असं म्हणत स्टीलचा डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायला छाती लागते. सौ. ती जबाबदारी माझ्यावर ढकलते. वजनमापे खात्यातल्या माणसाला लोकांच्या शिव्या खायची सवय असते म्हणे.

या दुखण्याचा इतिहास चिरंजीवांनी कुठून कुठून छापून आणून दिला, तो मी दुपारच्या वामकुक्षीऐवजी वाचला. लंडनच्या सॅम्युअल जी या डॉक्टरांनी १८८८ साली मुलांच्या या आजाराचं नीट वर्णन लिहिलं आणि बरं व्हायचं असेल तर ते आहारानेच, इथपर्यंत अचूक बोट ठेवलं. पण आहारातलं नेमकं काय, ते त्यांना सापडलं नाही. त्यांच्या एका छोट्या रोग्याला रोज मापटंभर उत्तम डच शिंपले खायला घालत. पोरगं बाळसं धरायला लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला तसं पुन्हा आजारी पडलं, आणि पुढच्या हंगामात काही केल्या शिंपल्याला तोंड लावेना. मला त्या अनाम इंग्रज पोराविषयी फार आपुलकी वाटते. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार काढला. मुलं सुधारत, का, तर केळी खाताना पाव सुटत असे. श्रेय मात्र केळ्याला मिळे.

खरी उकल झाली हॉलंडमध्ये. विलेम डिके या मुलांच्या डॉक्टरांना गव्हाचा संशय युद्धाआधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली. माणसं ट्यूलिपचे कंद उकडून खात होती, हजारो भुकेने मेली. आणि त्या काळात, जेव्हा सारा देश वाळत होता, तेव्हा डिके यांच्या या लहान रोग्यांची तब्येत पावाविना सुधारत होती. पाव परत आला आणि ती पुन्हा खालावली. १९५० साली डिके यांनी उट्रेख्टला यावर आपला प्रबंध सादर केला. भाकरीच्या तुकड्यासाठी देश रडत असताना एका माणसाला त्या तुकड्यातलाच दोष दिसावा, याला काय म्हणावं? मी ती पानं वाचून चिऊच्या डोक्यावरून उगाच हात फिरवला. ती म्हणाली, "आबा, माझी वेणी!"

भुकेच्या दिवसांची मलाही थोडी ओळख आहे. मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे गहू हा पाहुणा होता. सणाला आणि जावयाला. रोजची ती ज्वारीची भाकरी. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे मोत्याचा दाणा, पण १९७२ च्या दुष्काळात तीही दिसेनाशी झाली आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली. तिची भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला पुढे आयुष्यात कुठल्याही कँटीनविषयी तक्रार उरत नाही. नोकरी लागून पुण्यात आलो तेव्हा रोज दोन वेळा पोळी, ही माझ्या उत्कर्षाची व्याख्या होती. आईला पहिल्या पगारानंतर पत्र लिहिलं त्यात पगाराचा आकडा नव्हता, 'इथे रोज गहू' एवढंच होतं. आणि आता बहात्तराव्या वर्षी मी परातीपुढे पाट घेऊन बसतो आणि भाकऱ्या थापतो, कारण घरात भाकरी येणारा मी एकटाच. कोकणची सासू तांदळाच्या पलीकडे जात नव्हती, इंदूरची सून गव्हाच्या.

भाकरीचं आणि पोळीचं भांडण ग्लूटेनचंच आहे हे मला थापता थापता कळलं. कणीक मळली की ग्लूटेनचे धागे एकमेकांचे हात धरतात, म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते, घडी घालता येते. ज्वारीच्या पिठाचा स्वभाव मराठी माणसाचा: प्रत्येक कण स्वतंत्र बाण्याचा, शेजाऱ्याचा हात म्हणून धरणार नाही. त्याला उकळतं पाणी दाखवावं लागतं. चटका बसला की त्यातला स्टार्च चिकट होतो आणि नाइलाजाने ऐक्य होतं. तेही थापण्याच्या मायेने. लाटण्याची जबरदस्ती केली की कडेनं फाटलंच. पहिल्या आठवड्यात माझ्या भाकऱ्यांना निरनिराळ्या देशांचे आकार येत. चिऊ नकाशा उघडून बसायची. "आबा, आज ऑस्ट्रेलिया!" एकदा श्रीलंकाही वेगळी पडली होती.

२०२३ हे वर्ष भारताच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि आमच्या भाकरीला एकदम कोट-टाय चढला. कट्ट्यावरच्या एका गृहस्थांनी वजन उतरवायला 'ग्लूटेन सोडलं'. सकाळी सोडतात, संध्याकाळी समोशाबरोबर धरतात. त्यांचं काही बिघडत नाही. पण त्यांच्यामुळे आमचं बिघडतं. हॉटेलातला पोऱ्या 'ग्लूटेन नको' म्हटलं की यांच्यासारखाच आमचाही लाड समजतो आणि "थोडासा मैदा चालेल ना?" असं हसून विचारतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी एक गोष्ट बरी केली. पहिल्याच भेटीत सूनबाईंच्या पिशवीतली 'ग्लूटेनमुक्त' बिस्किटं बाहेर काढून ठेवली. गहू नाही म्हणजे अमृत आहे असं नव्हे. साखर, तूप आणि पांढरा स्टार्च यांना गव्हाची गरज नसते. चोथा त्यात नावाला आणि किंमत मात्र सोन्याच्या भावाने. त्यांनी नाचणी सांगितली, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी; उसळी, डाळी, पालेभाज्या, दाणे, तीळ, लिंबू पिळलेली कोशिंबीर म्हणजे लोह अंगी लागतं. आमच्या सौ.ला वेगळीच युक्ती सुचली होती. उपासाचं जेवण! साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत गव्हाचा कण नाही. पोरीला बारा महिने एकादशी करून टाकू. "आजी," बाई हसून म्हणाल्या, "एकादशीला पुण्य मिळतं, उंची नाही." साबुदाणा आणि बटाट्यावर मूल गुबगुबीत होतं, पण सशक्त होत नाही. राजगिऱ्याला मात्र त्यांनी मनापासून मान डोलावली. तेव्हापासून राजगिऱ्याच्या लाडवांचा एक डबा चिऊच्या बाईंच्या कपाटात शाळेत असतो. वर्गात कोणी केक आणला की त्या तिला तो उघडून देतात.

शाळेचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. बालवाडीपासून आपण मुलांना शिकवतो, डबा वाटून खा. आणि आता तिला सांगायचं, वाटून खायचं नाही. दे, पण घेऊ नको. सात वर्षांच्या मुलीला मैत्री म्हणजे अर्धी पोळी-जॅम हेच माहीत असतं. पहिल्या महिन्यात ती एका बाकावर एकटी बसून डबा खायची, हे आम्हाला तिने सांगितलं नाही, बाईंनी सांगितलं. त्या रात्री आमच्या घरी कोणी फारसं जेवलं नाही. तोडगा शेवटी मोठ्यांना सुचला नाहीच. चिऊने एके दिवशी न्हाणीघरातला टॉवेल आणि माझा पंचा दप्तरात भरून नेला आणि वर्गात दोन्ही पाण्यात बुडवून दाखवले. "हे तुमचं पोट, हे माझं होतं." प्रात्यक्षिक इतकं रंगलं की दुसऱ्या दिवशी चार मुलांनी घरी पोटात टॉवेल नसल्याची तक्रार केली. आता तिच्या बाकावर जागा मिळत नाही. नाचणीच्या घावनांना गिऱ्हाईक फार. माझा पंचा परत आलेला नाही.

सण उलट सोपे गेले. गव्हाने करंजी, शंकरपाळी, चिरोटे नेले खरे. पण उकडीचे मोदक, बेसनाचे लाडू, नारळाच्या वड्या जागेवर होत्या. अनारसे तर मुळातच तांदळाचे. पूर्वी 'कोण एवढी उठाठेव करणार' म्हणून टाळले जात, ते आता दिवाळीचे राजे झाले. होळीला पुरणपोळीचं कसं, या चिंतेत दोन पिढ्या असताना चिऊने वाटीत नुसतं पुरण घेतलं, वर तूप ओतून घेतलं आणि चमच्याने खात म्हणाली, "पोळी तर नुसतं पाकीट आहे. मी पत्रच वाचते."

अडलं ते सत्यनारायणाशी. सोसायटीची पूजा, प्रसाद रव्याचा. प्रसाद नाकारल्यावर काय होतं हे सगळ्यांना पाठ असतं. साधुवाण्याच्या कलावतीने प्रसाद टाकला आणि नवऱ्यासकट नौका बुडाली. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी द्रोण पुढे केला, चिऊने हात मागे घेतला आणि मंडपात कुजबुज झाली. "देवाच्या प्रसादानं कधी बाधतं का?" या प्रश्नाला उत्तर देणं महाकठीण. हो म्हणावं तर नास्तिक, नाही म्हणावं तर पोर आजारी. सौ.ने माझ्याकडे पाहिलं, मी चिरंजीवांकडे, चिरंजीवांनी मोबाइलकडे.

सोडवलं ते गुरुजींनी. दक्षिणा मोजता मोजता ते म्हणाले, "अहो, पोथीतच सोय आहे. प्रसादाला केळं, तूप, दूध आणि गव्हाचं चूर्ण. गव्हाचं नसेल तर तांदळाचं. व्यासांनाही ठाऊक असणार, सगळ्यांना गहू सोसत नाही." एवढं बोलून त्यांनी चौरंगावरचं केळं उचलून चिऊच्या हातावर ठेवलं. मंडपातली नौका तरली. पुढच्या वर्षी तांदळाच्या पिठाचा शिरा आमच्या घरून गेला. काकूंनी दोनदा मागून घेतला आणि "रवा छान भाजलाय" म्हणाल्या. मी काही बोललो नाही.

चौकटीवर सातव्या वाढदिवसाची रेघ सहाव्याच्या वर सव्वातीन इंच गेली. मी पट्टी बदलून पाहिली. रक्ताची तपासणी अजून ठरल्या वेळी होते, आकडे उतरले आहेत, आणि पोरीच्या तोंडाचा पट्टा असा सुरू झाला आहे की घरघंटीच बरी.

परवा एका लग्नाला गेलो होतो. आमचा डबा बरोबर होताच. आम्ही वऱ्हाडी म्हणून गेलो तरी शिदोरी घेऊनच जातो. पण चिऊला मसालेभाताचा वास आला. ती तडक मुदपाकखान्यात गेली आणि भल्या मोठ्या पातेल्यापुढे उभ्या असलेल्या आचाऱ्याला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, तुमचा हिंग कशातला आहे?"

चाळीस वर्षं झारा धरलेला माणूस. मला वाटलं, आता उखडतो. त्याने तिला नखशिखान्त न्याहाळलं, पोऱ्याला हाक मारून हिंगाचा डबा मागवला, खिसे चाचपले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, जरा तुमचा चष्मा द्या."